सातव्या कलमाची माती

वालूर,
भाद्रपद वद्य ३, शके १८६३

मेव्हणे बन्सीधरराव यांस दिनकररावाचा रामराम.

इकडं समदे खुशाल हाईत असं लिवायची रीत हाय, पण खुशाली न्हाई म्हणूनच टाक हातात घेतला.

सेलूच्या कापसाच्या जिनामागं आपल्या किरायाच्या सहा खोल्या हाईत, त्यातल्या तिसऱ्या खोलीचं मातीचं माळवद परवाच्या पावसात खाली बसलं. भर दुपारची येळ. किरायदार आसाराम अन त्याची बायको कोकिळा दोघं जिनात कामावर. घरात आसारामची माय बायनाबाई ताप आला म्हणून निजलेली व्हती. लोकांनी फावड्यानं माती उपसली, पण म्हातारी हाताला लागली तवा जीव न्हवता.

पोलिसांचे अमीनसाहेब आले, पंचनामा केला. मालक कोण म्हणून विचारलं तर दहा तोंडांनी माझं एकच नाव सांगितलं. बाजारात जो तो म्हणायलाय, दिनकरराव आता अडकले.

तुमी बावीस वर्सं अदालतीच्या ओसरीत बसून लोकांचे अर्ज लिवता, म्हणून तीन गोष्टी विचारतो. सेलूत मुंबईच्या कंपनीचा माणूस कापसाच्या गठाणींचा विमा उतरतो, तसा घरमालकाच्या बचावाचा विमा असतो का? दुसरं, सहाही खोल्या तुमच्या अक्काच्या नावानं केल्या तर? तिसरं, गावच्या मारुतीच्या नावानं केल्या तर? देवावर मुकदमा कोण चालवतंय. किराया आपण वसूल करू, देवाला दिवाबत्ती लावू.

उत्तर टपालानं नको, सेलूच्या गाडीला कोणी येणारं असलं तर त्याच्या हाती द्या.

दिनकरराव


परभणी,
भाद्रपद वद्य ६, शके १८६३ (फसली १३५०, आबान महिना)

दाजींच्या सेवेशी बन्सीधरचा नमस्कार.

पत्र काल पोचले. बायनाबाईंचे वाचून वाईट वाटले. तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, तिन्हींची उत्तरे देतो. अर्धवट उत्तर मला देता येत नाही, हे अक्काला विचारा.

विम्याचे. त्या माणसाकडचा छापील कागद मी दोन वर्षांपूर्वीच मागवून वाचला आहे. इंग्रजी होता, शब्दकोश मांडीवर घेऊन चार दिवस लागले. आग लागली तर मालाची भरपाई, एवढेच त्यात आहे. माळवद माणसावर पडले तर काय, याची एक ओळ नाही. आणि घर पडल्यावर विमा शोधणे म्हणजे वरात परत गेल्यावर मांडव घालणे.

अक्काचे. खोल्या तिच्या नावे झाल्या तर समन्स तिला येईल. ती अदालतीत हाकिमापुढे उभी राहील आणि तुम्ही बाहेर तिच्या वहाणा राखत बसाल.

मारुतीचे. देवाला मिळकत देता येते आणि देव कायद्याने मालक होतो, हे खरे. पण मग सरकारच्या मजहबी खात्यात नोंद होते आणि दाराची कडी बदलायलासुद्धा मंजुरी लागते. शिवाय माळवद पडले त्या दिवशी मालक तुम्ही होतात. मारुतीने समुद्र ओलांडला असेल, ती तारीख त्यालाही ओलांडता येणार नाही.

आता मुद्द्याचे. तुम्हाला काहीच करायचे नाही. तुमचा बचाव मी तेरा वर्षांपूर्वी, फसली १३३७ सालीच लिहून ठेवला आहे. पेटीतून आसारामचा अंगठा असलेला किरायानामा काढा आणि सातवे कलम वाचा: 'माळवदाची निगा सर्वस्वी किरायदाराकडे राहील. दर साल वैशाखात वीस टोपल्या पांढरी माती टाकावी. मालकाच्या जुन्या मातीस कुदळ-खुरपे लावू नये. कसूर झाल्यास खोली खाली करून द्यावी. माळवदापासून होणाऱ्या नुकसानीस मालक जिम्मेदार नाही.'

हे कलम मी अकरा वेळा लिहिले आणि दहा वेळा फाडले. त्यात एक शब्द उणा नाही, एक अधिक नाही. सेलू, पिंगळी आणि परभणी मिळून चाळीसएक मालकांनी ते जसेच्या तसे उतरवून घेतले आहे. त्यांत दोन वकीलही आहेत. चौथीत शाळा सुटलेल्या कुणब्याच्या पोराचे कलम वकील उतरवून घेतात, हे तुमच्या भावकीत सांगायला हरकत नाही.

अमीनसाहेबांना किरायानामा दाखवा आणि नकलेची पोच घ्या. कागद बोलेल, तुम्ही बोलू नका.

आपला,
बन्सीधर

ता. क. मोडलेल्या तुळईचे लाकूड कोणते, लांबी किती, वाळवी होती काय, हे कळवावे. माझ्याकडे नोंद असावी.


वालूर,
आश्विन शुद्ध २

मेव्हणे यांस रामराम.

कागद बोलला. लयच बोलला.

अमीनसाहेबांनी सातवं कलम दोनदा वाचून घेतलं अन आसारामला बोलावलं. वैशाखात माती टाकली का म्हणून विचारलं. त्यो म्हनला, टाकली साहेब. वीसच्या वीस टोपल्या. कोकिळेनं खाली उभं राहून मोजल्या. शेजारचा सोळावर थांबला व्हता, मी पुऱ्या टाकल्या. साहेबांनी उपसलेल्या मातीचा ढीग बघितला अन म्हनले, एवढी माती घातल्यावर दुसरं काय होणार. हलगर्जीनं आईचा जीव घेतला म्हणून त्यालाच धरून नेलं. जिनाच्या मुकादमानं जामीन दिला म्हणून भायेर हाय. कार्तिकात परभणीच्या अदालतीत तारीख पडली. शाबीत झालं तर कैद हाय म्हणतेत.

मला मोकळं वाटायला पायजे, अन वाटलंही. पण परवा सेलूला गेलो तर आसाराम त्या ढिगाऱ्यापाशी बसलेला. मला बघून उठून उभा राहिला, रामराम घातला. माझ्याच्यानं तिथं थांबवलं न्हाई. कोकिळा म्हनती, जेवायला बसला की हात धुतो, अन परत उठून धुतो.

किरायानामा तुमच्या हातचा, तवा साक्षीला तुमीच लागताल. 'अक्षर माझं हाय' एवढंच तुमी सांगायचं.

तुळई सागाची. नऊ हात. बरोबर मधून मोडली. वाळवी न्हाई, सुतारानं चिरून बघितली.

दिनकरराव


वालूर,
आश्विन शुद्ध ११

बन्सीमामास दैवशालाचा साष्टांग नमस्कार. आई सांगती तसं लिवायलेय, माझं त्यात काई न्हाई.

बन्सी, दसऱ्याचं सोनं द्यायला आला न्हाईस. ते जाऊ दे. ह्यांनी तुला जे कळवलं न्हाई ते मी कळवते. ह्यांना सांगून कळवायलेय, चोरून न्हाई. दारात बसून पानाला चुना लावायलेत अन ऐकायलेत.

आसाराम नागपंचमीच्या दिवशी सेलूहून चालत वालूरला आला व्हता. फडक्यात पसाभर माती बांधून आणली व्हती, वरून गळालेली. म्हनला, मालक, तुळई कुरकुर करायलीय. जुनी माती लय झाली. तुमी हो म्हणा, मी दोन दिसात खरडून खाली उतरवतो, मजुरी नको. ह्यांनी पेटीतून तुझा कागद काढला अन वाचून दाखवला, जुन्या मातीस हात लावू नये. आसाराम म्हनला, बरं. त्याला मी पुरणाचं दिंड वाढलं, ते खाऊन त्यो परत चालत गेला. ती माती अजून आपल्या ओसरीवर कोपऱ्यात हाय. मी टाकून दिली न्हाई.

मला वाचता येत न्हाई म्हणून विचारते. आपल्या बापानं जुनी माती न खरडता नवी कधी टाकली व्हती का रे? दर दुसऱ्या वर्सी आखितीचा सण व्हायच्या आदी तूच खुरपं घेऊन माळवदावर चढायचास. बाप खालून ओरडायचा, वितीच्या वर जाऊ देऊ नको. मी पाट्या झेलायची. हे तुला ठाऊक व्हतं. मग तुझ्या कागदात उलटं कसं आलं?

उत्तर मला दे. दैवशाला वाचून दाखवील.

अक्का


परभणी,
आश्विन वद्य ४

तीर्थस्वरूप अक्कास आणि दाजींस, दोघांना मिळून एकच पत्र लिहितो.

अक्का, तुझ्या पत्राचे उत्तर लगेच दिले नाही, कारण मोजल्याशिवाय लिहिण्याची मला सवय नाही. परवा सेलूला जाऊन आलो. दाजी, तुम्हाला कळवले नाही, त्याची माफी असावी.

तिसऱ्या खोलीची मागची भिंत उभी आहे. तिच्यावर माळवदाचा हातभर तुकडा अजून चिकटून आहे. शिडी लावून वर गेलो. पावसाने तो तुकडा सरळ कापल्यासारखा झाला आहे, आतले थर उघडे दिसतात. पांढऱ्या मातीचा एक थर, त्यावर वाळल्या गवताची काळी रेघ. पुन्हा पांढरी, पुन्हा रेघ. खुरप्याच्या टोकाने मोजले. तेरा. मग उतरलो, पाणी प्यालो, पुन्हा चढलो आणि पुन्हा मोजले. तेरा. किरायानामा लिहिला १३३७ साली, पहिली माती पडली १३३८ च्या वैशाखात, शेवटची यंदा. एकाही किरायदाराने एकही साल चुकवले नाही. खोली जाईल या भीतीने सगळ्यांनी माझे कलम पाळले.

तेराच्या खाली मूळ माळवद आहे, एक वीत. आता एकंदर जाडी दोन विती चार बोटे. काही माती पावसाने वाहून गेली असेल हे धरूनही हिशेब असा होतो: दोनशे साठ टोपल्या, म्हणजे आठ बैलगाड्या माती, नऊ हातांच्या एका सागाच्या तुळईवर. तुळईने तेरा वर्षे धरले, हेच नवल. आसारामच्या त्यांत चार वर्षांच्या ऐंशी टोपल्या. बाकीच्या त्याच्या आधीच्यांच्या. आणि सगळ्या मिळून माझ्या.

अक्का, तू विचारलेस उलटे कसे आले. १३३६ साली परभणीत एका किरायदाराने माळवद पार मातीखालच्या पाल्यापर्यंत खरडले, घर गळले, आणि मालक मुकदमा हरला. कारण खरडू नये असे कुठे लिहिलेले नव्हते. हरलेल्या मालकाचा अर्ज मीच लिहिला होता. मनाला लागले. पुन्हा माझ्या कागदात फट राहू द्यायची नाही असे ठरवले. फट बुजवताना डोळ्यांपुढे मालक होता, किरायदार होता, हाकीम होता. माळवद नव्हते. बापाचे ओरडणे आठवले नाही. अकरा वेळा लिहूनही आठवले नाही.

दाजी, दोन गोष्टी. अदालतीत मी अक्षर माझे आहे एवढेच सांगून खाली बसणार नाही. मोजलेले सगळे सांगेन. दुसरे, उरलेल्या पाच खोल्यांवर तेवढीच माती आहे आणि खाली माणसे राहतात. एकवीस माणसे, त्यांत सहा लहान. परतीचा पाऊस अजून सरला नाही. ती माती आधी उतरवा.

बन्सीधर


वालूर,
आश्विन वद्य ९

मेव्हणे,

तुमी कोणाचे, एवढं एकदा सांगा.

तेरा वर्सं मी तुमच्या कागदावर विसंबून राहिलो. माझं मत इचारलं असतं तर बापाच्या चालीनं खरडून घेतली असती. तुमी लिवलं खुरपं लावू नये, म्हणून आसारामला मी न्हाई म्हनलो. आता तुमी साक्षीदाराच्या कठड्यात उभं राहून माझ्या गळ्यात दोरी घालणार. चाळीस मालकांकडं तुमचं तेच कलम हाय. ते काय म्हणताल? तुमच्या ओसरीकडं उद्यापासून कुत्रं फिरकणार न्हाई.

पाच खोल्यांचं म्हणता. आत्ता माती काढली तर हाकीम म्हणेल, मालकाला ठाऊक व्हतं. हे मला सेलूच्या वकिलानं सांगितलं, अन ह्यो वकील तुमच्या कलमाची नक्कल घेणाराच हाय. निकाल लागेपर्यंत एक टोपली हलणार न्हाई.

अन मारुतीच्या नावाचा दस्त मी दुसऱ्याकडून लिवून घेतलाय. रजिस्टर तेवढा व्हायचा हाय. तुमची अक्का म्हनती, देवळाचंच माळवद गळायलंय, त्याच्या डोक्यावर आनखी सहा खोल्यांची माती कशाला. तिला हसू येतंय. मला न्हाई.

दिनकरराव


परभणी,
कार्तिक वद्य २, शके १८६३ (फसली १३५१)

दाजींस नमस्कार.

दिवाळीला आलो नाही. तुम्ही बोलावले नव्हते, आणि बोलावले असते तरी आलो असतो असे नाही. तारखेला तुम्ही वकिलाला पाठवून स्वतः आला नाहीत. तेव्हा काय झाले ते माझ्याकडून ऐका. वकील त्याच्या सोयीचे सांगेल.

मी थरांचा नकाशा काढून नेला होता, मापासकट. हाकीमसाहेबांनी तो बराच वेळ पाहिला. कलम कोणी लिहिले विचारले. मी म्हणालो, मी. मग त्यांनी विचारले, तुमच्या स्वतःच्या घराला माळवद आहे का. आहे म्हणालो. जुनी माती काढता का? दर दुसऱ्या वर्षी, म्हणालो. हाकीमसाहेब मान खाली घालून लिहीत राहिले. बावीस वर्षांत त्या अदालतीत मी शेकडो माणसे घाम पुसताना पाहिली. माझा रुमाल त्या दिवशी पुरला नाही.

आसाराम सुटला. त्याने जे केले ते कागदाच्या हुकुमाने केले, असे निकालात आहे. मालकाबद्दल चौकशी निराळी होईल असेही आहे. नोटीस तुम्हाला येईलच. नागपंचमीचे मला कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. माझी साक्ष मोजमापाची होती. ते सांगायचे झाले तर तुम्ही सांगायचे आहे.

आसारामनेही सांगितले नाही. निकाल लागल्यावर बाहेर लिंबाखाली मी त्याला कारण विचारले. म्हणाला, "मालकानं कागदात व्हतं तेच वाचलं. त्यात त्यांचा काय गुन्हा?" मग म्हणाला, "मला त्यो कागद पुरा कोणी वाचून दावला न्हाई. अंगठा लावला तवा बी न्हाई. वाचता का?"

नक्कल माझ्या पिशवीत होती. मी खाली बसलो आणि सातवे कलम वाचले, अगदी सावकाश, जसे लिहिले तसे. कोकिळा शेजारी उभी होती. वाचून झाल्यावर आसाराम मान हलवत राहिला. म्हणाला, "लय नीट लिवलंय, मालक. कुठं सापडायला जागाच न्हाई."

टोमणा नव्हता, दाजी. टोमणा असता तर मला उत्तर सुचले असते. माझ्या लिहिण्याची इतक्या मनापासून कोणी तारीफ केली नव्हती.

तुम्ही लिहिले होते तसेच झाले आहे. ओसरीत माझ्यासमोरची जागा रिकामी असते. शेजारचा अर्जनवीस लोकांना सांगतो, बन्सीधररावांकडे जाऊ नका, ते आपल्याच अशिलाविरुद्ध साक्ष देतात. खोटे नाही ते. वेळ मिळतो, म्हणून चाळीस मालकांची यादी केली आहे. आतापर्यंत नऊ घरी जाऊन आलो. चौघांनी माती उतरवली. तिघांनी बघू म्हटले. पिंगळीच्या एकाने चहा पाजला आणि म्हणाला, कलम तर चांगले आहे, ते कशाला बदलता. एकाने दारच उघडले नाही. गुडघे दुखतात. शिड्या चढण्याचे वय गेले, पण खालून मोजता येत नाही.

उद्या सकाळच्या गाडीने सेलूला जातो. तुमच्या पाच खोल्यांवर चढणार आहे, पहिल्या खोलीपासून. तुमची परवानगी विचारत नाही; पुढे तुम्हाला माझ्यावर मुकदमा चालवावासा वाटला तर अर्ज मीच नीट लिहून देईन. आसाराम म्हणाला, मी येतो. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "त्या मातीत चार वर्सांच्या माझ्या बी हाईत." अक्काकडे ओसरीवर पसाभर आहे तीही कोणाच्या हाती पाठवावी. त्याने मागितली आहे.

खुरपी दोन आहेत, टोपल्या दोन आहेत. वर आम्ही दोघे खरडणार, खाली टोपली झेलायला एक माणूस कमी पडतो. दस्त रजिस्टर होऊन खोल्या मारुतीच्या झाल्या असतील तर मारुतीला पाठवा. झाल्या नसतील तर तुम्ही या.

बन्सीधर